लसणाला पात भरपूर, पण गड्डा का नाही? कोजागिरी ते होळीचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "ताई, ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पूर्वेकडे आहे. डिसेंबरच्या वीस-बावीस तारखेला घरातल्याच लसणाच्या मोठमोठ्या पाकळ्या निवडून दोन ग्रो बॅगमध्ये लावल्या. आठवड्यात कोंब वर आले, महिन्याभरात पात हिरवीगार झाली. दर आठवड्याला शेणखताचं पाणी घातलं. एप्रिलमध्ये पात पिवळी पडली म्हणून उपटलं, तर खाली गोटीएवढा एकेक पांढरा गोळा. पाकळ्या पडलेल्याच नाहीत. खत कमी पडलं का? की फ्लॅटमध्ये लसूण येतच नाही?"

दादा, खत कमी पडलेलं नाही, उलट जरा जास्तच झालं. आणि फ्लॅटमध्ये लसूण नक्की येतो. आधी भाड्याच्या घराच्या चिंचोळ्या बाल्कनीत आणि आता गच्चीवर, अशी बावीस वर्षं मी पुण्यात लसूण लावते आहे. तुमची चूक झाली ती तारखेत आणि पाकळीच्या निवडीत. ठाण्याच्या उबदार रात्रींनी त्यात भर घातली. एक विनंती मात्र आत्ताच करते: ते गोळे फोडणीत घालू नका. पात न कापता, कोरड्या हवेशीर जागी टांगून ठेवा. त्यांचं काय करायचं ते पुढे येईलच.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. आमच्याकडे लसणासाठी वेगळं रान ठेवत नसत. कांद्याच्या वाफ्यांच्या कडेने, पाटाच्या दोन्ही अंगांनी लसणाच्या कुड्या टोकलेल्या असायच्या. (पाकळीला आमच्याकडे कुडीच म्हणतात.) आजीचा हिशेब ठरलेला होता: कोजागिरीला टोकायचा आणि होळीला उपटायचा. लहानपणी मला वाटायचं, लक्षात राहावं म्हणून सणाची खूण धरली असेल. पुढे स्वतः लावायला लागले तेव्हा एकदा मोजून पाहिलं. आश्विन पौर्णिमा ते फाल्गुन पौर्णिमा म्हणजे पाच चांद्रमास, 147-148 दिवस. आपल्याकडच्या लसणाच्या बहुतेक जाती तयार व्हायला 120 ते 150 दिवस घेतात. आजीचा हिशेब तिथीवर होता, पण तो पिकाच्या अंगाशी तंतोतंत जुळणारा होता.

लसूण हे तारखेचं पीक आहे, आणि ते का ते एकदा समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. लसणाच्या आयुष्यात दोन कामं आहेत, आणि ती तो एकामागून एक करतो. थंडीत, दिवस लहान असताना तो पानं काढतो. थंडी ओसरायला लागली, ऊन तापायला लागलं आणि दिवस मोठा व्हायला लागला की नवीन पानं काढणं थांबवून तो खाली गड्डा भरायला घेतो. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस दिवस साधारण 11 तासांचा असतो आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात 12 तासांचा. हा तासाभराचा फरक आणि त्यासोबत चढणारा पारा, एवढ्या खुणेवर आपला लसूण दिशा बदलतो. तेव्हा रोपाला तीन पानं आहेत की आठ, याची तो वाट बघत नाही. जेवढी पानं असतील तेवढ्या भांडवलावर गड्डा होणार.

दुसरी गोष्ट थंडीची. एका बुडातून अनेक पाकळ्या फुटायच्या असतील तर कोवळ्या रोपाला, किंवा लावण्याआधी पाकळीला, काही आठवडे चांगली थंडी लागावी लागते. ती मिळाली नाही आणि रोपही लहान राहिलं, तर पाकळ्यांचे डोळे तयारच होत नाहीत. मग उन्हाळा लागला की रोप जवळ असेल-नसेल तो सगळा साठा मधल्या एकाच कोंबात भरतं. तुमचा गोळा हाच. बाजारात त्याला एककळी लसूण म्हणतात आणि औषधी म्हणून तो महाग विकला जातो, पण लावणाऱ्याच्या दृष्टीने ते अर्धं राहिलेलं पीक आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुढच्या वर्षी एक रोप त्यासाठी सोडा. संक्रांत झाली की आठ-दहा दिवसांनी मी दरवर्षी एक रोप मुद्दाम उपटते. मुळं झटकायची, आणि मुळांच्या जरा वर, जिथे बूड फुगायला लागलेलं असतं, तिथे धारदार सुरीने आडवा काप घ्यायचा. कापावर कांद्यासारखी वर्तुळं दिसतात. ती वर्तुळं म्हणजे पानांची बुडं, एकात एक गुंडाळलेली. वेळेवर लावलेल्या रोपात आतल्या दोन-तीन वर्तुळांच्या बगलेत ज्वारीच्या दाण्याएवढे चकचकीत, ओलसर ठिपके दाटीने बसलेले दिसतात. त्याच पुढच्या पाकळ्या. उशिरा लावलेलं रोप कापलं तर वर्तुळं चारच असतात आणि मधोमध एकच ठिपका. दोन्ही काप शेजारी ठेवून पाहिले तेव्हापासून लसणाच्या बाबतीत मी खताआधी तारीख विचारते.

याच कापात अजून एक गोष्ट दिसते. गड्ड्यावरचा प्रत्येक पापुद्रा हे एकेका पानाचं बूड असतं. पानं जास्त तर पापुद्रे जास्त, आणि पापुद्रे जास्त तर गड्डा टिकणार जास्त. म्हणून जानेवारीच्या मध्यापर्यंत रोपावर सात-आठ पानं उभी असली पाहिजेत, एवढं एकच उद्दिष्ट मी ठेवते.

म्हणून तारीख: कोजागिरीपासून दिवाळीपर्यंत उत्तम. ऑक्टोबरचा उकाडा जरा ओसरू द्यायचा, पावसाची शेवटची सर निघून जाऊ द्यायची. त्रिपुरी पौर्णिमा ही माझी शेवटची मुदत. कार्तिक पौर्णिमेपासून होळीपर्यंत चार चांद्रमास, म्हणजे 118 दिवस उरतात, आणि त्याहून कमी दिवसांत आपल्या जाती नीट भरत नाहीत. तुम्ही लावला त्या तारखेपासून होळीपर्यंत तीन महिनेही उरले नव्हते.

आता पाकळी. तुम्ही "मोठमोठ्या पाकळ्या" लिहिलंय, तिथेच मी थबकले. शहरात हल्ली जो टपोरा, आठ-दहा पाकळ्यांचा, सोलायला सोपा लसूण मिळतो, तो बहुतेक वेळा हिमाचल, उत्तराखंड किंवा काश्मीरकडच्या डोंगराळ भागातला असतो. तिकडे कडाक्याची थंडी पडते आणि मे महिन्यात दिवस साडेतेरा तासांच्या पुढे जातो. त्या जाती त्या थंडीला आणि त्या लांब दिवसाला सरावलेल्या आहेत. आपल्याकडे होळीला 12 तासांचा दिवस झाला तरी त्यांना गड्डा धरायची खूण पटत नाही. मग पात सुंदर येते, लांब येते, आणि एप्रिलच्या उन्हात करपून जाते. खायला तो लसूण घ्या, लावायला नको.

लावायला मी गावठी लसूण घेते. म्हणजे जुन्नर, ओतूर, नाशिक, नगर भागातला, जांभळट किंवा मळकट पांढरा, वीसेक पाकळ्यांचा. आठवडी बाजारात एखादा शेतकरी पातीसकट जुड्या घेऊन बसलेला असतो, त्याच्याकडे नेमका मिळतो. नावाजलेल्या जाती हव्या असतील तर राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची भीमा पर्पल महाराष्ट्रासाठी चांगली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता आणि फुले बसवंत याही आपल्याच हवामानातल्या. घरच्यासाठी पाव किलो बियाणं पुष्कळ होतं, आणि गावठी लसणाचा ताजा, घट्ट, न भिजलेला गड्डा मिळाला तर जातीच्या नावासाठी फार धावाधाव करू नये असं माझं मत आहे.

ऑनलाइन "लसणाचं बी" म्हणून काळ्या बारीक बियांची पाकिटं विकायला असतात. ती घेऊ नका. आपण लावतो त्या लसणाला बी धरत नाही, तो पाकळीवरूनच वाढतो. त्या पाकिटात कांद्याचं किंवा कुठल्या तरी पातीच्या झाडाचं बी निघतं.

पाकळीवरून वाढतो याचा आणखी एक अर्थ असा, की आईची पुंजी हेच रोपाचं पहिलं अन्न. म्हणून बियाण्यात हात आखडता घेऊ नये. गड्डा फोडला की बाहेरच्या फेरीतल्या जाड पाकळ्या वेगळ्या काढायच्या आणि आतल्या काड्यांसारख्या पाकळ्या डब्यात टाकायच्या. दीड ग्रॅमच्या वरची पाकळी घ्यावी असं सांगतात. घरी वजन करत बसण्यापेक्षा करंगळीच्या नखाशी धरून पाहा, नखाहून जाड हवी. साल काढायची नाही. बुडाची टणक चकती शाबूत हवी, कारण मुळं तिच्यातूनच फुटतात. गड्डा आदल्या आठवड्यात फोडून ठेवू नका. लावायच्या दिवशीच फोडा, नाहीतर बूड सुकतं.

तुमच्या ठाण्यासाठी, आणि मुंबई, पनवेल, रत्नागिरी, गोवा अशा सगळ्या किनारपट्टीसाठी, एक पायरी जास्तीची आहे. पुण्यात, नाशकात डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगली थंडी पडते. तुमच्याकडे ती मोजके दिवस येते. म्हणून थंडी पाकळीला आधीच द्यायची. सप्टेंबरच्या अखेरीस अख्खे गड्डे, न फोडता, कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे. फ्रीझरमध्ये अजिबात नको, आणि प्लास्टिकच्या पिशवीतही नको, आत पाणी सुटून बुरशी धरते. चार ते पाच आठवडे ठेवायचे आणि बाहेर काढल्यावर एक-दोन दिवसांत लावून टाकायचे. मुदत वाढवू नका. थंडी अति झाली तर रोप घाईने गड्डा धरतं, पानं पुरेशी येत नाहीत आणि गड्डे लहान राहतात. माझी नणंद डोंबिवलीला राहते. तिने एका वर्षी एक पिशवी थंडी दिलेल्या पाकळ्यांची आणि शेजारी एक तशीच लावली. मार्चमध्ये दोन्ही एकाच दिवशी उपटल्या. पहिलीतले बहुतेक गड्डे पाकळ्यांनी भरलेले होते, लहान पण पूर्ण. दुसरीत तुमच्यासारखे गोळेच जास्त निघाले. तेव्हापासून ती गणपती उठले की फ्रिजमध्ये लसणाची जागा करते.

(याच कारणासाठी खायचा लसूण मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढला की त्याला कोंब फुटतात.)

ग्रो बॅग किंवा कुंडी आठ-दहा इंच खोल असली की झालं. लसणाची मुळं फार खाली जात नाहीत, त्यामुळे खोलीपेक्षा पसारा महत्त्वाचा. दोन फूट बाय एक फुटाच्या चौकोनी बॅगेत चार-चार इंचांवर अठरा रोपं बसतात. यापेक्षा दाट लावू नका. गड्डा सरासरी वीस ग्रॅमचा धरला तर एका बॅगेत साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास लसूण येतो. आमच्या घरात तो महिनाभर जातो. हा आकडा आधीच सांगते, कारण 2024 मध्ये लसूण किलोला 400 रुपयांच्या वर गेला तेव्हा अनेकांनी पैसे वाचतील म्हणून लावला आणि मग हिरमुसले. वर्षाचा लसूण बाल्कनीत होत नाही. पण नुकता वाळलेला, सोलताना बोटांना चिकटणारा घरचा लसूण ठेचला की जो वास येतो, त्यासाठी लावावा.

माती भुसभुशीत हवी. नुसती काळी माती घेतली तर सुकल्यावर ती आवळते आणि गड्डे चेपके, वाकडे होतात. उपटताना पात हातात येते आणि गड्डा खालीच राहतो. मी दोन भाग बागेतली लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट घेते, वर दोन मुठी नीमपेंड. कच्चं शेण किंवा अर्धवट कुजलेला ओला कचरा नको, पाकळी सडते. बॅगेच्या तळाची भोकं उघडी आहेत ना ते बघा. पाणी तुंबलं की लसूण गेला.

पाकळ्यांना ट्रायकोडर्माची (ही पाकळी कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पूड चोळून, टोक वर आणि बूड खाली ठेवून, टोकावर साधारण इंचभर माती येईल अशा टोकायच्या. उलटी लावली तरी कोंब वळण घेऊन वर येतो, पण मान वाकडी राहते आणि गड्डा बेढब होतो. बोटाने दाबून घुसवू नका, बुडाची चकती दुखावते. काडीने भोक करून पाकळी अलगद ठेवा आणि माती ओढा. मग झारीने पाणी, आणि वर वाळक्या पाल्याचा किंवा उसाच्या पाचटाचा पातळ थर. आठ-दहा दिवसांत हिरवी टोकं दिसतात. लसणाची पात उभी आणि अरुंद असते, ती मातीवर सावली धरत नाही, म्हणून तण लगेच माजतं. ते लहान असतानाच हाताने काढायचं. खुरप्याने खोल उकरलं तर मुळं तुटतात.

ऊन किमान सहा तास हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची बाल्कनी लसणाला सगळ्यात चांगली. उत्तरेच्या बाल्कनीत तेव्हा ऊन शिरतच नाही, तिथे गड्ड्याचा नाद सोडून पातच घ्यावी. तुमची बाल्कनी पूर्वेची. बॅग कठड्याजवळ, शक्य तेवढ्या दक्षिणेच्या कोपऱ्यात सरकवा.

पाण्याचा नियम बोटाचा. बोट दोन पेरं मातीत घालायचं, ओल लागली तर पाणी नाही. शेतात आठ-दहा दिवसांनी पाणी देतात, पण बॅगेतली माती लवकर सुकते, तिथे थंडीत दोन-तीन दिवसांआड द्यावं लागतं. द्यायचं ते सकाळी, बुडाशी. पात संध्याकाळी ओली राहिली की करपा रोगाला आमंत्रण.

खताबद्दल जरा थांबून सांगते, कारण तुमची आणखी एक चूक इथे आहे. लसणाला नत्र हवं ते पहिल्या दोन महिन्यांत, पानं काढायच्या काळात. मी लावल्याला एक महिना झाला की एकदा आणि दीड महिना झाला की एकदा, असं दोनदा मूठ-मूठ गांडूळखत घालते आणि तिथे हात थांबवते. दोन महिन्यांनंतर नत्र दिलं की रोपाला पुन्हा पात काढायचा मोह होतो. एका वर्षी माझ्या गच्चीवरची पात इतकी देखणी दिसत होती की मी जानेवारीच्या शेवटपर्यंत दर आठवड्याला शेणाचं पाणी घालत राहिले. फेब्रुवारीत एकेका रोपाच्या मानेजवळून बारीक बारीक फुटवे निघाले, जणू गवताचा झुपका. खाली गड्डा भरत होता तो उकलला आणि प्रत्येक पाकळीने स्वतःची पात काढली. तो सगळा लसूण आम्ही हिरवाच खाल्ला, वाळवायला एकही गड्डा उरला नाही. शेतातही उशिरा युरिया टाकला, अंतर फार ठेवलं किंवा भरत्या वेळी पाणी जास्त झालं की हेच होतं. तुम्ही एप्रिलपर्यंत दर आठवड्याला शेणखताचं पाणी घातलंत. पुढच्या वर्षी नाताळनंतर ते पूर्ण बंद.

नत्राइतकंच लसणाला गंधक आवडतं. त्याचा उग्रपणाच गंधकाच्या संयुगांतून येतो. पाकळी अख्खी असते तेव्हा तिला वास नसतो. ठेचली की आतला एक एन्झाइम एका गंधकयुक्त द्रव्याला भेटतो आणि ॲलिसिन तयार होतं, तोच तो नाकात जाणारा वास. चांगलं शेणखत असेल तर घरच्या बॅगेला गंधक वेगळं द्यायची गरज मला पडलेली नाही.

कीड म्हणाल तर फुलकिडे, बाकीचं किरकोळ. जानेवारीच्या अखेरीला हवा कोरडी झाली की पातीवर चंदेरी-पांढरट ओरखडे दिसायला लागतात. पान जिथे खोडातून निघतं ती बगल उघडून बघा, पिवळसर, सुईच्या टोकाएवढे किडे तिथे दडलेले असतात. निळ्या रंगाचे चिकट सापळे लावा, ते त्यांच्याकडे ओढले जातात. लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी, बगलेपर्यंत पोचेल असं फवारा, आठवड्याने पुन्हा. अवकाळी पाऊस किंवा सलग ढगाळ हवा आली तर पातीवर जांभळट खोलगट चट्टे पडतात, तो जांभळा करपा. बाल्कनीत ती पानं कापून टाकली आणि हवा खेळती ठेवली की बहुधा आवरतो.

काढणीची वेळ पात सांगते. खालची चार-पाच पानं वाळली, वरची अजून हिरवट आहेत आणि मान मऊ पडून पात एका अंगाला कलायला लागली की पाणी बंद करायचं. होळीच्या आधी दोन आठवडे तरी पाणी तोडलेलं असावं. मग एक गड्डा उकरून बघायचा. पाकळ्यांचे उंचवटे सालीतून हाताला लागले आणि साल कागदासारखी झाली असेल तर सगळे काढायचे. सगळी पात वाळायची वाट बघू नका. तोवर पापुद्रे कुजतात आणि पाकळ्या मातीत सुट्या होतात. खेचून उपटण्याऐवजी बाजूने खुरपं घालून मातीसकट उचलायचं.

काढल्यावर धुवायचं नाही, पात कापायची नाही. पातीसकट आठ-दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवायचं. पातीतला उरला रस गड्ड्यात उतरतो आणि मान आवळून बंद होते. भर उन्हात ठेवला तर पाकळ्या भाजल्यासारख्या होतात. मग हाताने माती चोळून काढायची, मुळं छाटायची आणि पंधरा-वीस गड्ड्यांची जुडी बांधून टांगायची. माहेरी जुड्या स्वयंपाकघरातल्या वाशाला, चुलीच्या धुरात लटकत असायच्या आणि दसऱ्यापर्यंत टिकायच्या. आमच्याकडे आता चूल नाही, पण जुडी टांगते ती खिडकीजवळच. पावसाळ्यातल्या दमट हवेत डब्यात कोंडलेला लसूण महिन्याभरात पोकळ होतो. यातलेच सगळ्यात चांगले पाच-सहा गड्डे बियाण्यासाठी वेगळे बांधा. मात्र दर तीन-चार वर्षांनी बियाणं बदला. पाकळीवरून पाकळी लावत गेल्याने विषाणू साचत जातात आणि गड्डा बारीक होत जातो.

आणि डिसेंबरात हुक्की आली तर? तेव्हाही लावा, पण पातीसाठी. पातीला तारीख लागत नाही, जातही लागत नाही, तो हिमाचलचा टपोरा लसूणही चालतो. उथळ ट्रेमध्ये पाकळ्या इंच-इंच अंतरावर, जवळजवळ खेटून लावायच्या. पंचवीस दिवसांत वीतभर पात येते. बुडापासून दोन बोटं सोडून कापली की दुसऱ्यांदाही येते, तिसऱ्यांदा ती केसासारखी बारीक होते, तेव्हा उपटून गड्ड्यासकट वापरायची. हुरड्याच्या दिवसांत ही पात हाताशी असावीच. मूठभर पात, तीन-चार हिरव्या मिरच्या, भाजलेले शेंगदाणे आणि मीठ खलबत्त्यात ओबडधोबड कुटायचं. तेलाची गरज लागत नाही. ज्वारीच्या गरम भाकरीवर हा ठेचा ठेवला की पातीचा हिरवा वास वाफेबरोबर वर येतो. पिठल्यातही शेवटी मूठभर पात घालून पाहा.

आता तुमचे गोळे. तो एकेक गोळा म्हणजे एक मोठी, धष्टपुष्ट पाकळीच आहे. त्याच्यात पुंजी भरपूर आहे, फक्त त्याला दिवस आणि थंडी मिळाली नव्हती. ते पावसाळाभर कोरडे टांगून ठेवा. गणपती उठले की हातात घेऊन दाबा. मऊ पडलेले, हलके झालेले टाकून द्या, टणक राहिलेले फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कागदी पिशवीत ठेवा. कोजागिरी झाली की बाहेर काढून लावा, एका बॅगेत अठरा. तो लसूण मूळचा डोंगराकडचा असेल तर पूर्ण गड्डा देईलच असं वचन मी देणार नाही, म्हणून दुसऱ्या बॅगेत गावठीच लावा, त्याच दिवशी, तीच माती घालून. गोळा जाड असल्याने त्याचं रोप पहिल्या महिन्यात गावठीच्या पुढे निघून जाईल. त्यावरून घाईने काही ठरवू नका. संक्रांतीनंतर दोन्ही बॅगांतलं एकेक रोप उपटा, आडवा काप घ्या आणि वर्तुळांच्या बगलेत ठिपके किती आहेत ते मोजून मला कळवा.